तापीत गेलेला टेकू

आप्पा, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर आधीच माफ कर. अक्षरही वाकडं आहे. चौथीनंतर मी लिहिलं ते फक्त शेडच्या भिंतीवर, खडूने, मापं. मी 'सुत' लिहायचे आणि तू येताजाता शेजारी 'सूत' लिहून ठेवायचास. सातवी पासची तेवढीच ऐट तुझी. आता दुरुस्त करायला कोणी नाही. हे कोणाला दाखवायचंही नाही. मला मनातलं तोंडाने बोलता येत नाही, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत? म्हणून लिहिते.

पहिल्यांदा वाईटच लिहिते. तू सख्खा भाऊ, तरी मला तुझी किळस यायची. तू गेल्यावरही ती गेली नाही.

गावाच्या चौकात तुझा मोठा फलक लागला. त्यात तुझ्या अंगात निळा कोट आहे. जन्मात तू कोट घातला नाहीस, फोटोवाल्याने दुसऱ्या कोणाच्या तरी धडावर तुझं डोकं बसवलं. खाली लिहिलं होतं, थोर कलावंत. दारवर, दुःखाला भेटायला आलेली माणसं ओट्यावर बसून म्हणत होती, देवमाणूस गेला. त्यातले निम्मे तुझ्यासोबत प्यायला बसणारे. मी आत चहा गाळत होते आणि मला शेडचा तो कोपरा दिसत होता. तू लाकूड कातायच्या खरादावर बसल्या बसल्या तिथे गुटखा थुंकायचास. त्यावर लाकडाचा भुसा पडायचा, त्याची लाल खरपुडी धरायची, आणि ती मी दर आठवड्याला खुरप्याने खरवडायचे. शेवटी शेवटी तर अंथरुणातच सगळं. वहिनी नाकाला पदर लावून दारात उभी राहायची, बादली मी उचलायचे. आप्पा, देवमाणसाची ओकारीसुद्धा ओकारीच असते. हे मला ओट्यावर जाऊन सांगावंसं वाटत होतं. मी कपबशा धुतल्या.

पण मी ती बादली का उचलली, तेही लिहायला पाहिजे.

नवापूरकडचं सासर सोडून मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा तू काही विचारलं नाहीस. आईने विचारलं, वहिनीने विचारलं, शेजारपाजाऱ्यांनी तर कान टवकारून विचारलं. तू फक्त म्हणालास, "सुमे, शेडमा चाल, एक हात धराले पाहिजे." मी दांडा धरला, तू वेल्डिंग केलंस. डोळ्यांपुढे धरायची काळी काच एकच होती, ती तू माझ्या हातात दिलीस आणि स्वतः डोळे मिटून टाका मारलास. टाका वाकडा गेला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की खरादावर लाकूड फिरत असताना पटाशी नुसती हातात धरत नाहीत. ती एका आडव्या लोखंडी दांड्यावर टेकवावी लागते, तोच टेकू. खाली उभा खुंट, वर आडवा दांडा. खुंट खरादाच्या भोकात बसतो, दांडा लाकडापासून बोटभर लांब राहतो. टेकू हलला तर हात हलतो, हात हलला तर लाकूड वाया. तू म्हणालास, चांगलं हत्यार बाजारात मिळतं, चांगला टेकू मिळत नाही, तो ज्याच्या त्याच्या खरादाच्या मापाने घरीच करावा लागतो.

पुढे तुझा हात थरथरायला लागला. लाकूड फिरवताना तो कसा कोण जाणे स्थिर व्हायचा, पण टाका मारताना नाही. मग टेकू मीच करायला लागले. तू खाटेचे पाय, पाळण्याचे खांब, रव्या, लाटणी फिरवायचास, आणि आसपासच्या खरादींसाठी मी टेकू करायचे. एक गोष्ट तुझ्या बाजूने लिहिते. तू पैशाचं खोटं बोलायचास, पिण्याचं खोटं बोलायचास, पण टेकू स्वतः केला असं कधी म्हणाला नाहीस. गिऱ्हाईक आलं की मोठ्याने हाक मारायचास, "सुमे, बाहेर ये. टेकू तू करस, भाव मी कसाले सांगू?" मी दाराच्या मागे जाऊन उभी राहायचे. गिऱ्हाईक हसायचं. ते गेल्यावर तू चिडायचास.

"मी गऊ ते कोण बोली?"

मी कानस उचलून कामाला लागायचे. मला वाटायचं, एवढी दारू पिणारा माणूस मरणाचं बोलतो तेव्हा फक्त कीव मागत असतो.

आपलं दुसरं भांडण दांड्याचं. तू म्हणायचास टेकू नरम लोखंडाचा पाहिजे, म्हणजे पटाशीची धार मरत नाही. मी म्हणायचे, नरम दांड्यावर पटाशीच्या कोपऱ्याने खाचा पडतात, मग पटाशी सरकवताना त्या खाचेत अडकते, हाताला हिसका बसतो आणि लाकडावर ओरखडा येतो. तू म्हणायचास, खाच पडली तर कानस मार. दर चार दिवसांनी कानस मारून दांडा मध्ये खोल व्हायचा ते तुला दिसायचं नाही.

मग मी गॅरेजवाल्याकडून मोटारसायकलच्या शॉकअपचा जुना दांडा आणला. कडक, गुळगुळीत, त्यावर खाच पडायची सोय नाही. तू तो हातात फिरवलास आणि पहिली गोष्ट काय सांगितलीस, तर जिथे टाका मारायचा तिथली चकाकी आधी घासून काढ, ती जळाली की धूर विषारी असतो. मला माहीत नव्हतं. त्या दिवशी तू सांगितलं नसतंस तर मी तो धूर छातीत घेतला असता. त्या दांड्याचा टेकू तू एक दिवस वापरलास आणि बाकाखाली टाकून दिलास. म्हणालास, हत्यार घसरतं. मी म्हटलं, हत्यार घसरत नाही, तुझा हात घसरतो. तू उठून बाहेर गेलास. ते मी बोलायला नको होतं असं लोक म्हणतील, पण मला ते खरंच वाटत होतं. नंतर कित्येक महिने आपण शेडमध्ये एकमेकांना नुसती हत्यारं दिली-घेतली.

पोळ्याच्या महिनाभर आधी शहाद्याचे रमणभाई आले. त्यांचे तीन खराद, तिन्ही एका मापाचे, जुने. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांचं लाकडी सामानाचं मोठं दुकान लागतं, त्यासाठी हंगामात तिन्ही खराद रात्रंदिवस चालतात. त्यांना तिन्ही खरादांसाठी नवे टेकू पाहिजे होते, नरम लोखंडाचे, तुझ्या मताचे. मापासाठी म्हणून त्यांनी त्यांचा एक जुना, बापाच्या वेळचा टेकू नमुना म्हणून ठेवला. त्याचा खुंट भोकाला बारीक पडायचा, म्हणून त्याला पातळ पत्रा गुंडाळलेला होता. लोखंडासाठी आगाऊ पैसे त्यांनी तुझ्या हातात दिले. मी दारामागून बघत होते.

लोखंड आलंच नाही. मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, धुळ्याहून येणार आहे. नंतर म्हणालास, ट्रक चुकला. धुळ्याचं लोखंड कुठे गेलं ते तुझ्या तोंडाच्या वासावरून कळत होतं. गणपती बसायच्या आधी तू गेलास.

आता पुढचं तुला माहीत नाही, आणि सगळ्यात जास्त शिसारी मला त्याचीच आहे.

तुझा मुलगा किशोर सुरतेहून आला. मुंडन केलं, रडला, सगळं रीतीने केलं. अस्थी न्यायची वेळ आली तेव्हा वहिनीचा भाऊ पुढे झाला. तुला माहीतच आहे तो, लग्नात असो की मरणात, त्याला काहीतरी सुचतंच. म्हणाला, कारागिराचं हत्यार त्याच्यासोबत जायला पाहिजे, नाहीतर जीव खरादाभोवती घुटमळतो. अशी रीत आपल्याकडे मी कधी ऐकली नाही. पण बायका लगेच हो म्हणाल्या, कोणीतरी डोळे पुसले. वहिनीचा भाऊ शेडमध्ये गेला आणि बाकावर जे समोर दिसलं ते कापडात गुंडाळून घेऊन आला. पटाशी आणली असती तरी चाललं असतं. मी न्हाणीत तुझी अंथरुणं भिजवत होते. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी बोलले असते का, कोण जाणे.

सुतक फिटून गंधमुक्तीचं जेवण होतं. वहिनीच्या भावाने बुंदी दोनदा घेतली, मिशीला तूप लागलेलं, आणि तो सांगत होता की तापीत टेकू सोडला तेव्हा पाण्यावर गोल वलय उठलं आणि त्यात आप्पाचा चेहरा दिसला. लोक ऐकत होते. 

टेकू म्हटल्यावर मी शेडमध्ये धावले. बाकावर रमणभाईंचा नमुना नव्हता. तुझे स्वतःचे दोन्ही टेकू खरादाजवळ तसेच होते.

मी कोणालाच काही सांगितलं नाही. अस्थी सोडल्या त्या सारंगखेड्याला बंधारा घालून पाणी अडवलेलं आहे, तिथे तळ कोण बघणार?

रमणभाई काही दिवसांनी आले. रीतीप्रमाणे बसले, चहा घेतला, तुझ्याबद्दल चार बरे शब्द बोलले. मग खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. किशोरने अस्थिविसर्जनाचा व्हिडिओ केला होता, मागे रडकं गाणं लावून सगळ्यांना पाठवला होता. फिरत फिरत तो रमणभाईंच्या मोबाईलवर गेला. त्यात किशोर कमरेइतक्या पाण्यात उभा आहे, कापड सोडतो, टेकू कपाळाला लावतो आणि सोडून देतो. रमणभाईंनी चित्र तिथेच थांबवलं.

"सुमनबाई, खुंटले पत्रा गुंडाळेल शे. हाऊ मन्हा बापना टेकू शे ना?"

मी मानेनेच हो म्हटलं. वहिनी दारात होती, किशोर ओट्यावर होता, वहिनीचा भाऊही होताच.  तिघेही माझ्याकडे बघत होते. आप्पा, गिऱ्हाइकाशी मी जन्मात बोललेलं पहिलं वाक्य ते.

"मी नवा करी देसू. तुमना खरादवर यी सन माप लिसू."

रमणभाईंनी हात जोडले. ते रागावले नव्हते, घाबरले होते. म्हणाले, राखेसोबत गेलेली वस्तू, तिची जोड आता माझ्या खरादावर नको. त्याच मापाचा टेकू तुमच्या घरून आणला तर माझी पोरंच त्यावर हात ठेवणार नाहीत. मला आगाऊ दिलेले पैसे परत द्या, आणि बापाच्या टेकूचे जे होतील ते. यात्रेआधी मी दुसरीकडून करून घेतो. मग त्यांची नजर वेल्डिंग मशीनकडे गेली.

"नही जमनं ते हाई मशीन लई जास. तुमले बी आते लोढणंच शे."

वहिनीचा भाऊ लगेच म्हणाला, लई जावा, लई जावा, बाईमाणसाला काय करायचंय. खराद तो भंगारात विकत घ्यायला टपलेलाच होता, हे मशीन गेलं की खरादही हलणार हे त्याला दिसत होतं. मी किशोरकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये बघत मला, सख्ख्या आत्याला, म्हणाला, "फुई, व्यवहार तुम्हना शे. मी सुरतले ऱ्हास." पाण्यात टेकू सोडताना तो सुरतेला नव्हता.

मशीन गेलं असतं तर मी वहिनीच्या चुलीपुढे बसले असते, पिशवी घेऊन आले त्या दिवसासारखी. मी म्हटलं, यात्रेच्या आधी सगळे देसू, मशीनले हात लावजात नको. आवाज इतका बारीक निघाला की रमणभाईंनी मला पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हटलं.

त्या संध्याकाळी मला तुझा इतका राग आला की तुझा हार घातलेला फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. पैसे तू पिऊन टाकलेस, टेकू तुझ्या लोकांनी बुडवला, आणि फेडायचं मी. वहिनीने फोटो पुन्हा सरळ केला. मी पुन्हा फिरवला. मग तिनेही नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याकडे गेले आणि शॉकअपचे दांडे वजनावर घेतले, उधार. तो म्हणाला, आप्पाने माझे पैसे थकवले होते. मी म्हटलं, मी आप्पा नाही. तेही कसं निघालं तोंडातून, माहीत नाही.

काम तू शिकवलंस तसंच केलं. चकाकी घासून काढायची. खुंटावर दांडा मधोमध ठेवून दोन्ही बाजूंनी छोटा टाका मारायचा, मग काटकोनाचा गुण्या लावून बघायचं, झुकला असेल तर गार व्हायच्या आत हातोडीने हलकेच सरळ करायचा. मग थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, एकदम नाही, नाहीतर लोखंड ओढतं. पाणी मारायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायचं. तू घाई असली की टाक्यावर थुंकायचास. सी करून वाफ यायची, आणि गुटख्याचा जळका वास. मी नाक धरायचे, तू हसायचास. तो वास आता येत नाही. बरं वाटतं. आणि बरं वाटतं याचं वाईटही वाटतं.

करणं सोपं होतं. विकणं होतं ते तुझं काम. तळोद्याला एका खरादीच्या दुकानासमोर मी किती वेळ उभी होते ते विचारू नकोस. शेवटी आत जाऊन पिशवीतून टेकू काढला आणि त्याच्या बाकावर ठेवला, बोलले काहीच नाही. त्याने दांड्यावर पटाशी सरकवून पाहिली. मग मला पाहिलं.

"कोन्ही बनाडा?"

"मी."

"तू? आप्पानी बहीण का? आप्पा पियेल ऱ्हास तरी गोड बोले. तू कोरडी शे तरी मुकी?" त्याच्याकडे काम करणारे हसले. मग तो म्हणाला, चल, भाव सांग, तो तरी तोंडाने सांगशील ना? मी सांगितला. त्याने कमी केला. मी टेकू पिशवीत घातला आणि निघाले. दारापर्यंत गेले तेव्हा त्याने मागून हाक मारली, आणि मी सांगितलेल्या किमतीलाच घेतला. बसमध्ये बसल्यावर मी नोटा दोनदा मोजल्या.

शहादा, तळोदा, खेतिया. मी खरादी शोधत फिरले. पैसे थोडे थोडे जमायचे, गॅरेजवाल्याचे देऊन उरलेले मी बाजाराच्या दिवशी रमणभाईंना नेऊन द्यायचे. ते बोटाला थुंकी लावून नोटा मोजायचे, आणि त्याच बोटाने मला खुर्ची दाखवायचे. मी उभीच राहायचे.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तीच खरी, बाकी सगळं यासाठीच लिहीत होते बहुतेक. खेतियाच्या खरादीने टेकू परत आणला. म्हातारा माणूस, पीत नाही, हात घट्ट. म्हणाला, बाई, दांडा मस्त आहे, पण हत्यार घसरतं. मला तुझाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं. मी त्याला बसवलं, पॉलिश पेपर घेतला आणि वरची नुसती आरशासारखी झाक आडवी घासून घालवली, दांडा तसाच कडक. त्याने पटाशी ठेवून पाहिली. घसरली नाही, अडकलीही नाही. तो खूश होऊन गेला. मी शेडमध्ये एकटी बसून राहिले. आप्पा, दांड्यात तू अर्धा खरा होतास, मी अर्धी. बाकाखाली टाकलेला टेकू काढून दोघांनी एकदा नीट हाताळला असता तर एवढंच करायचं होतं, एक पॉलिश पेपर. आपण महिनोन्‌महिने तोंडं फिरवून बसलो. हात घसरतो हे मी म्हटलं ते चुकीचं होतं. तुझा हात त्या दिवशी घसरला नव्हता.

त्यानंतर मी सगळे टेकू तसेच केले. ते लवकर खपले.

परवा सारंगखेड्याला यात्रेच्या बाजारातले घोडे यायला लागले. पुलावर ट्रकांची रांग, घोड्यांच्या लिदीचा वास सगळीकडे. रमणभाईंचं दुकान अर्धं लागलं होतं, लाटणी आणि रव्या पोत्यांवर ओतलेल्या. मी उरलेले सगळे पैसे दिले. आगाऊ घेतलेले केव्हाच फिटले होते, हे त्यांच्या बापाच्या टेकूचे होते. त्यांनी मोजले, गल्ल्यात ठेवले. मग म्हणाले, त्यांच्या बापाची राखही इथेच तापीत सोडली होती.

"बापना टेकू बापलेच भेटना, सुमनबाई. तुमना काही दोष नही."

मला त्यांच्या या बोलण्याचीही थोडी किळस आली. दोष माझा नव्हताच, हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी खुर्चीवर बसले, त्यांनी मागवलेला चहा प्यायले, आणि मशीनचं नाव त्यांनी पुन्हा काढायचं नाही असं त्यांच्या माणसांसमोर सांगून उठले. त्यांनी मान हलवली. पैसे सगळे फिटले, आप्पा. तुझ्या नावावर त्यांचा आता एक रुपयाही नाही.